वर जाण्याआधीचे दहा शब्द

चावी, बैल, खिडकी, साबण, होडी, मावशी, खिळा, दूध, टोपी, विहीर. हे दहा शब्द मी बावीस वर्षं माणसांना वाचून दाखवलेत. आता दुकानात साबण मागितला तरी जिभेवर पुढे होडी येते. एवढा वैताग मला माझ्या सासूचाही कधी आला नाही, आणि ती बाई काही साधी नव्हती.

मी खाणीच्या दवाखान्यातली सिस्टर. दवाखाना खाली, खाण वर. वर म्हणजे किती वर, तर तारेवरच्या पाळण्यात बसायचं, मध्ये दोनदा पाळणा बदलायचा, आणि उतरलं की बुटाची नाडी बांधतानाही धाप लागायची. साडेचार हजार मीटरच्या वरची गोष्ट आहे. तिथे माणसं दहा दिवस राहतात, मग दहा दिवस खाली घरी, मग पुन्हा दहा दिवस वर. असं वर्षानुवर्षं. आणि दर वेळी पाळण्यात बसण्याआधी त्यांना माझ्या टेबलासमोर यावं लागतं. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचा, ब्लडप्रेशर घ्यायचं, फरशीवरच्या पांढऱ्या रेघेवरून चालायला लावायचं, आणि शेवटी हे दहा शब्द. मी वाचायचे, त्याने म्हणायचे, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, पुन्हा म्हणायचे. सहाच्या खाली आठवले तर त्या वेळी वर जायचं नाही. उंचीवर आधी डोक्यावर परिणाम होतो आणि ज्याच्या डोक्यावर होतो त्याला ते कळत नाही, म्हणून हा नियम.

शब्दांचा कागद टेबलाच्या काचेखाली चिकटवलेला आहे. मी नोकरीला लागले तेव्हाही तो तिथेच होता. तो बदलायचा असतो असं मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. नवीन आलेल्या माणसाला जुनी माणसं हेल्मेटचा पट्टा कसा आवळायचा ते नंतर शिकवतात, हे दहा शब्द आधी. बाहेर रांगेत उभं राहून एका सुरात म्हणतात, शाळेत पाढे म्हणायचो तसे. मला आतून ऐकू यायचं. मोठ्या डॉक्टरांना ऐकू यायचं. मॅनेजरसाहेब स्वतः तपासणीला आले तेव्हा त्यांनी एका दमात दहाच्या दहा म्हणून दाखवले आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. सगळे हसलो.

मी बोलले का नाही, ते सांगते, लपवून काय करायचंय. सकाळी अडतीस माणसं यायची. सगळ्यांनी धडाधड म्हणून टाकलं की मला अकरा वाजता खुर्चीत टेकायला मिळायचं. खरोखर विचार करायला लागली असती तर दुपारचा एक वाजला असता, आणि त्यानंतर वरून उतरलेल्यांची रांग. माझे पाय सुजायचे. कानाडोळा करणं म्हणतात ते हेच, आणि ते मी केलं.

माझा धाकटा भाऊ याच खाणीत आहे. छोट्या. नावाला छोट्या, उंची सहा फूट, वय एकोणपन्नास. एकोणीस वर्षं तो वरच्या स्टेशनवर पाळण्याचा ब्रेक धरतो. बाकी सगळं यंत्र करतं, पण शेवटचे तीस-चाळीस मीटर माणसाच्या हातात असतात. वारा किती आहे, पाळणा किती झुलतोय ते बघायचं, घंटा देऊन आतल्यांना सावध करायचं आणि दांडा ओढायचा. कमी ओढला तर पाळणा भिंतीवर, जास्त ओढला तर आतली माणसं एकमेकांवर. एका पाळण्यात बारा जण. छोट्याच्या पाळीला हातातला चहा हिंदकळत नाही असं माणसं सांगायची, आणि ते ऐकलं की हा गडी आठवडाभर फुगून फिरायचा. आमच्या भावजयीने एकदा मला विचारलं होतं, की तिच्यात आणि त्या दांड्यात निवडायला सांगितलं तर हा काय करील. मी म्हटलं, कशाला विचारून हात दाखवून अवलक्षण करून घेतेस.

मागच्या महिन्यात शहरातून एक डॉक्टरीणबाई आल्या. वय माझ्या मुलीएवढं, पण मला अहो-जाहो करायच्या, म्हणून मीही अहो-जाहो. वरून पाळणा उतरला की त्याच तासाला माणसांचं रक्त घ्यायचं आणि बर्फाच्या पेटीत ठेवायचं, हे त्यांचं काम. उंचीमुळे मेंदूचं काय होतं याचा अभ्यास. पहिल्याच दिवशी माणसांनी त्यांना घेरलं, की बाई, आमचं रक्त नेऊन करता काय. बाई बिचाऱ्या सरळ. त्यांनी खिशातून चाकू काढून सफरचंद कापलं, ठेवून दिलं आणि म्हणाल्या, अर्ध्या तासाने बघा. ते काळं पडलं. तुमच्या मेंदूत जे होतं ते साधारण याच जातीचं, म्हणाल्या. झालं. यांच्यातल्या एकाच्या बायकोला माहीत होतं की कापलेल्या सफरचंदाला लिंबू चोळलं की ते काळं पडत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातली लिंबं संपली. जो तो लिंबू पिळतोय, एकाने तर टक्कल चोळलं. बाईंनी डोक्याला हात लावला.

मला मात्र त्यांनी नीट बसून समजावलं. मेंदू वजनाला शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढा, पण ऑक्सिजन खातो पाचव्या भागाएवढा. वर हवा विरळ. पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की त्यांचं काम अर्धवट होतं, आणि त्या अर्धवट कामातून काही भांडखोर कण सुटतात. दिसेल त्या पेशीला चावे घेत सुटतात. शरीराकडे त्यांना पकडणारे राखणदार असतात, पण उंचीवर कण वाढतात आणि राखणदार दमतात. मेंदूत चरबी फार, आणि चरबी आधी खराब होते. नवीन गोष्ट लक्षात ठेवायची जागा त्यात सगळ्यात नाजूक. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मी विचारलं, ऑक्सिजन कमी, आणि जाच पुन्हा ऑक्सिजनचाच, हे कसं काय? त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही कधी चूल पेटवली असेल ना. चुलीला हवा कमी पडली की जाळ कमी आणि धूर जास्त. तसंच. आणि दर दहा दिवसांनी खाली यायचं म्हणजे एकदम भरपूर हवा, तेव्हाही हे कण उसळतात असं दिसतंय. काही माणसांना तीस वर्षांत काही होत नाही, काही पाच वर्षांत विसरभोळी होतात. कुणाला आणि का, ते अजून कळलेलं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण वेळेत थांबलं तर बरंच भरून येतं.

मग त्यांनी माझं रजिस्टर मागितलं. माणसांच्या रक्ताशी त्यांना माझे आठवणीचे मार्क जुळवायचे होते. दोन दिवस वही चाळली आणि माझ्याकडे आल्या. काहींच्या रक्तात गडबड दिसतेय, म्हणाल्या, पण तुमच्याकडे सगळेच दहापैकी दहा. इतकी हुशार माणसं खाणीत काय करतात? मला कळलं त्या काय म्हणताहेत ते. मी उठून चहा ठेवला आणि पावसापाण्याचं बोलायला लागले.

मंगळवारी छोट्या आला. त्याची वर जायची पाळी गुरुवारी होती, पण ब्लडप्रेशर मागच्या खेपेला जास्त होतं म्हणून मी त्याला दोन दिवस आधी ये म्हटलं होतं. मी त्याच्या बोटाला चिमटा लावला, आकडा उतरवला, दंडाला पट्टा गुंडाळला. हवा भरत होते, तेवढ्यात त्याने सुरू केलं. चावी, बैल, खिडकी, साबण. दहाच्या दहा. मी हसले. म्हटलं, अरे थांब, मी अजून वाचले कुठे.

"वाचलेस की आत्ता," तो म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय. लहानपणापासून याला चेष्टेची खोड. पण तो हसत नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग काचेखालच्या कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि त्याचे कान लाल झाले. शाळेत गृहपाठ केला नसला की व्हायचे तसे. त्याला खरोखर आठवत नव्हतं मी वाचले की नाही. मी पट्टा सोडला. ब्लडप्रेशर किती आलं ते मला तेव्हा दिसलंच नाही, पुन्हा घ्यावं लागलं.

दुपारी मी त्याच्या घरी गेले. तो बाहेर गेला होता. भावजय शिवणाच्या मशीनवर बसली होती, तिने मशीन थांबवलं नाही. मी आडून आडून विचारत बसले, तशी ती म्हणाली, सरळ विचारा ना ताई. मग मीच गप्प बसले आणि ती बोलत राहिली. खिशात चिठ्ठ्या सापडतात. ब्रेड आणायला जातो, आणून ठेवतो, पुन्हा जातो. एका दिवशी तीन पाव घरात. मित्रांत बसत नाही, कारण कालचं बोलणं निघालं की याला पत्ता नसतो. आधी तिला वाटलं प्यायला लागलाय. तिने चोरून त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता.

"मी तुम्हाला सांगायला येणारच होते," ती म्हणाली. "पण तुम्ही दर वेळी ह्यांना पास करता. म्हटलं, सिस्टर पास करते, स्वतःची बहीण पास करते, म्हणजे माझंच डोकं फिरलं असेल."

ती बाई मला एक शब्द वावगा बोलली नाही, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. लाज वाटली, दुसरं काय. मी तिला म्हटलं की गुरुवारी मी बघते.

बघते म्हणजे काय, ते वाटेत कळलं. नवे शब्द. एवढीच गोष्ट. बुधवारी कामावरून आले आणि कागद घेऊन बसले, तर एक शब्द सुचेल तर शपथ. बावीस वर्षांत डोक्यात त्या दहांनी असं ठाण मांडलंय, की साधा शब्द म्हटला की चावी. शेवटी उठले आणि घरात हिंडून जे दिसलं ते लिहिलं. कंगवा, दोरी, डबा, मीठ, छत्री, जिना. खिडकीतून बघून कोंबडी आणि पूल. कुदळ आणि शिक्षक कुठून आले माहीत नाही. नवरा म्हणाला, हे काय लिहितेस. मी म्हटलं, छोट्याची नोकरी. तो समजला.

खोटं सांगत नाही, मी तो कागद दोनदा पर्समधून बाहेर काढून ठेवला. माझ्या मनात आलं की गपचूप रजेवर जावं. दुसरी सिस्टर जुना कागद वाचेल, तो दहा म्हणेल, वर जाईल, आणि माझ्या हाताने काही झालं नाही असं होईल. त्याच्याकडून तो दांडा काढून घेणं म्हणजे त्याचा हातच काढून घेणं. आणि तो वर गेला तर पाळण्यातले बारा जण, आणि त्याचं डोकं आणखी दहा दिवस त्या धुरात. झोप लागली नाही आणि सकाळी डोळे चुरचुरत होते. कागद घेऊन गेले.

गुरुवारी रांग नेहमीची. अडतीस जण. छोट्या सातवा होता. मी त्याला आतल्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. बोटाचा चिमटा, पट्टा, रेघ, सगळं ठीक. रेघेवरून तर असा चालला की मिलिटरीत घ्यावा. मग मी बसले आणि पर्समधला कागद काढला. म्हटलं, नीट ऐक हं छोट्या. एकेक शब्द सावकाश वाचला. माझाच आवाज मला परका वाटत होता.

लगेच म्हणायला सांगितले तेव्हा त्याने चार सांगितले. कंगवा, दोरी, पूल, मीठ. ठीक आहे, म्हटलं, आता पाच मिनिटं गप्पा. आणि त्या पाच मिनिटांत तो इतका छान बोलला म्हणून सांगू. वारा डावीकडून असला की दांडा आधी किती सैल सोडायचा, थंडीत तार कशी आखडते, पहिल्या वर्षी त्याच्या हातून पाळणा कसा आपटला होता आणि आतल्या एका म्हाताऱ्याने बाहेर येऊन त्याच्या कानाखाली कशी वाजवली होती. एकोणीस वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख. मला वाटलं, चुकले मी, याला काही झालेलं नाही.

घड्याळ बघून मी म्हटलं, आता सांग.

तो म्हणाला, कंगवा. मग थांबला. खिडकीबाहेर बघितलं, हाताची बोटं उघडमीट केली. आणि मग माझ्या डोळ्यांत बघत त्याने सुरू केलं. चावी, बैल, खिडकी, साबण, होडी, मावशी, खिळा, दूध, टोपी, विहीर. एकही चुकला नाही. मी मध्ये थांबवलं नाही, मला जमलंच नाही.

"झालं ना?" त्याने विचारलं.

मी फॉर्मवर एक लिहिलं. तो समोरून उलटा आकडा वाचत होता. एकाच्या पुढे मी शून्य काढीन म्हणून त्याने वाट बघितली असावी. मी पेन खाली ठेवलं आणि त्याला सांगितलं की आज मी वेगळे शब्द वाचले होते. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. आमच्या घरातली माणसं पटकन चिडतात, मी तर आधी. तो चिडला नाही. त्याने गुडघ्यावरचे हात उलटे केले आणि तळव्यांकडे बघत बसला. दांड्याने घट्टे पडलेले आहेत तिथे.

कधीपासून, मी विचारलं. दोन वर्षं तरी झाली, तो म्हणाला. हाताला सगळं येतं, हाताचा काही प्रश्न नाही. पण दोन महिन्यांपूर्वी पाळणा येत होता, वारा होता, आणि त्याला कळेना की घंटा दिली की द्यायचीय. तो दांडा धरून नुसता उभा राहिला. शेजारच्याने धावत येऊन ओढला. आतल्यांना काही कळलं नाही. शेजारच्याने कुणाला सांगितलं नाही, झाकली मूठ राहिली. त्यानंतर तो घंटा दिली की बोटावर पेनने टिंब काढायचा.

मला राग आला. स्वतःचा आलेला राग त्याच्यावर काढला, खरं सांगते. "मग बोलला का नाहीस मला? दर खेपेला समोर येऊन बसतोस, तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुझ्याकडेच तर यायचो, ताई," तो म्हणाला. "दर वेळी वाटायचं, आज ताई पकडणार. तू वाचायचीस, मी म्हणायचो, तू सही करायचीस. मग वाटायचं, ताईने सही केलीय, म्हणजे मी ठीक असेन."

मी दमले होते रे, एवढंच म्हणाले. तो म्हणाला, माहितेय. आणि ते त्याने इतक्या मायेने म्हटलं की मला रडू आवरेना. बावीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा रडले. त्याने टेबलावरचा कापूस माझ्यापुढे सरकवला.

मग मी त्याला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सांगितलं, की आता थांबलं तर भरून येऊ शकतं, खाली राहायचं, तपासत राहायचं, खालच्या स्टेशनवर काही काम मिळतं का ते मी साहेबांना विचारते. तो मान हलवत राहिला. यातलं त्याला संध्याकाळपर्यंत किती आठवेल ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी भावजयीसाठी एका चिठ्ठीवर सगळं लिहून त्याच्या वरच्या खिशात घातलं. फॉर्मवर अपात्र लिहिलं आणि सही केली.

तो उठला, शर्ट नीट केला आणि दाराशी जाऊन वळला.

"बाहेर सगळे विचारतील, नवे शब्द कोणते म्हणून," तो म्हणाला. "तू काळजी करू नकोस. माझ्याकडून फुटायचे नाहीत."

तो हसला. दार उघडून तो बाहेर गेला. आणि खरंच त्यांनी त्याला घेरलं, मला आत ऐकू येत होतं. एवढा वेळ का लागला, सिस्टरने कागद बदललाय का, काय काय विचारलं, सांग की लेका. एकतीस जणांची रांग मोडून तिथेच घोळका झाला. छोट्या म्हणाला, कंगवा होता बाबा त्यात, बाकीचे गेले. सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं चेष्टा करतोय, कुणीतरी त्याच्या पाठीत धपका घातला. मी डोळे पुसले, कागद टेबलावर सरळ केला आणि पुढच्याला आत बोलावलं.